तालमीतले मास्तर

(मास्टर चंदगीराम हे भारतातील एक नामवंत मल्ल होते. ते शाळेत शिक्षक होते आणि पुढे कुस्तीचे वस्ताद झाले. मल्ल म्हणून त्यांनी मोठे यश मिळवले. आपली विद्या त्यांनी तरुणांना दिली आणि मुलींसाठीही आखाड्याचे दार उघडले. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा परिचय करून दिला आहे.)



'तालीम' हा शब्द तुम्ही घरी आणि शाळेत नेहमी ऐकता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पण कोल्हापूर-सांगलीकडचा एखादा मुलगा "मी तालमीला निघालो" असे म्हणाला, तर तो पुस्तके घेऊन शाळेला निघालेला नसतो. तो लंगोट घेऊन कुस्तीच्या सरावाला निघालेला असतो. कुस्ती जिथे शिकवतात त्या जागेला मराठीत तालीम म्हणतात. नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात.

आता दुसरा शब्द पाहा. तालमीत कुस्ती शिकवणाऱ्याला मराठीत 'वस्ताद' म्हणतात. हा शब्द म्हणजे तुमच्या ओळखीचा 'उस्ताद'च आहे. पैलवान, कुस्ती, जोर, खुराक, शागीर्द हे शब्दही असेच तुमच्या आणि आमच्या भाषेत सारखे आहेत. तालमीत पाऊल टाकले, की उर्दू शिकणाऱ्या मुलाला अर्धी मराठी आधीच येत असते!

शिक्षण आणि कुस्ती या दोन्ही गोष्टींना एकच नाव कसे पडले असेल? शाळेत शिक्षक असलेल्या आणि नंतर वस्ताद झालेल्या एका माणसाचे आयुष्य पाहिले, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्या माणसाचे नाव मास्टर चंदगीराम.

चंदगीराम यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९३७ रोजी हिसार जिल्ह्यातील सिसाय या गावी झाला. हे गाव आज हरियाणा राज्यात आहे. त्या वेळी हरियाणा हे वेगळे राज्य नव्हते. ते १९६६ साली झाले. चंदगीराम यांचे घराणे शेतकऱ्याचे होते. त्या भागात गावोगावी आखाडे असत आणि जत्रांतून कुस्त्यांचे फड रंगत. हिंदीत अशा फडाला 'दंगल' म्हणतात.

अशा गावात जन्मलेला मुलगा लहानपणीच आखाड्यात उतरला असेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे झाले नाही. चंदगीराम वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास कुस्तीकडे वळले. कुस्तीच्या दृष्टीने हे वय फार उशिराचे मानतात. मल्ल होऊ इच्छिणारी मुले सहसा आठ-दहा वर्षांची असतानाच मातीत लोळू लागतात. त्या वयात अंग लवचीक असते. पडण्याची भीती वाटत नाही. डाव अंगात मुरायला पुढे दहा-बारा वर्षे मिळतात. एकवीस वर्षांच्या तरुणाजवळ एवढा वेळ नसतो. इतरांनी दहा वर्षांत जे मिळवले, ते त्याला थोड्या वर्षांत मिळवावे लागते.

चंदगीराम यांनी काही काळ भारतीय लष्कराच्या जाट रेजिमेंटमध्ये सैनिक म्हणून नोकरी केली. त्यांनी शाळेत शिक्षकाचेही काम केले. शिक्षकाला तिकडे 'मास्टर' म्हणतात, जसे आपल्याकडे 'मास्तर' किंवा 'गुरुजी' म्हणतात. त्यामुळे त्यांच्या नावामागे 'मास्टर' हा शब्द लागला आणि तो जन्मभर राहिला.

या शब्दाचे महत्त्व नीट समजून घ्या. पुढे चंदगीराम यांनी हिंद केसरी, भारत केसरी, भारत भीम, रुस्तम-ए-हिंद असे एकाहून एक मोठे किताब जिंकले. केसरी म्हणजे सिंह. भीम हा महाभारतातला बलवान वीर. रुस्तम तर तुम्हांला ठाऊकच आहे. फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तला तो महापराक्रमी योद्धा. प्रसिद्ध गामा पैलवानालाही 'रुस्तम-ए-हिंद' म्हणत असत. असे किताब मिळाले, की लोक मल्लाला त्याच नावाने ओळखू लागतात. महाराष्ट्रातही 'हिंद केसरी अमुक' आणि 'महाराष्ट्र केसरी तमुक' असेच म्हणतात. चंदगीराम यांना मात्र लोक 'मास्टर चंदगीराम' असेच म्हणत राहिले. सिंह, भीम आणि रुस्तम हे सगळे मागे पडले आणि शाळेतला 'मास्टर' पुढे राहिला.

चंदगीराम यांच्या काळात पंजाबचा मेहरदीन हा एक बलाढ्य मल्ल होता. त्याच्या आणि चंदगीराम यांच्या लढती पाहण्यासाठी लोक मोठी गर्दी करत. अशा नामांकित मल्लावरही चंदगीराम यांनी विजय मिळवला. इ. स. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला.

डिसेंबर १९७० मध्ये थायलंडची राजधानी बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. चंदगीराम तेव्हा ३३ वर्षांचे होते. या वयात बहुतेक मल्ल लंगोट खुंटीला टांगतात. त्यात आणखी एक अडचण होती. आपल्याकडची कुस्ती मातीत होते. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवून त्याला चीतपट केले, की कुस्ती जिंकली. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते. तिला ठरावीक वेळ असतो आणि डावांना गुण मिळतात. मातीत पाय रुततो. गादीवर तो लवकर हलवावा लागतो. मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवर लढायचे, तर पुष्कळ गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

मास्टरजींनी त्या शिकून घेतल्या. बँकॉकमध्ये १०० किलो वजनगटात इराणच्या अबुलफझल अन्वरी याला मागे टाकून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. इराण हा देश कुस्तीसाठी जगात प्रसिद्ध आहे. 'पहलवान' हा शब्दच मुळी तिथला! अशा देशाच्या मल्लाला हरवून मिळवलेले सुवर्णपदक फार मोलाचे होते. १९७१ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. १९७२ साली जर्मनीतील म्युनिक येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

मल्लाचे आयुष्य इथे संपते असे पुष्कळांना वाटते. अंगातली ताकद ओसरते, किताब भिंतीवर टांगले जातात आणि जुन्या कुस्त्यांच्या आठवणी सांगण्यात दिवस जातात. मास्टरजींच्या आयुष्याचा अधिक मोठा भाग मात्र यानंतर सुरू झाला. दिल्लीत यमुना नदीजवळ त्यांनी आखाडा चालवला. तो इतका प्रसिद्ध झाला, की रस्त्यावरच्या त्या ठिकाणालाच लोक 'चंदगीराम आखाडा' म्हणू लागले.

आखाड्यातले शिक्षण कसे असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तिथे दिवस पहाटे सुरू होतो. मल्ल आधी फावड्याने माती उकरून मऊ करतात. त्या मातीत तेल, हळद, ताक अशा गोष्टी मिसळलेल्या असतात. मग जोर आणि बैठका काढायच्या. मग जोडीदाराबरोबर लढत करायची. वस्ताद कडेला उभा राहून पाहत असतो. कोणाचा पाय चुकीच्या जागी पडला आणि कोणाची मान वेळेवर वळली नाही, हे तो हेरतो. मग तो स्वतः मातीत उतरतो आणि तोच डाव पुन्हा करून दाखवतो. वर्गात गणित चुकले, की तुमचे शिक्षक खडू घेऊन फळ्याकडे जातात ना? तसेच हे असते. फळ्याच्या जागी माती असते, एवढाच फरक.

वस्तादाविषयी एक जुनी समजूत आहे. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःजवळ राखून ठेवतो, असे मराठीत म्हणतात. शेख सादी यांच्या 'गुलिस्ताँ'मध्येही अशीच एक गोष्ट आहे. एका वस्तादाला ३६० डाव येत होते. त्याने आपल्या आवडत्या शागीर्दाला ३५९ डाव शिकवले. पुढे शागीर्द ताकदीच्या जोरावर उन्मत्त झाला. आपण वस्तादाच्या बरोबरीचे आहोत, अशी बढाई त्याने बादशहासमोर मारली. बादशहाने दोघांची कुस्ती लावली. तेव्हा वस्तादाने तो राखून ठेवलेला एकच डाव टाकला आणि शागीर्दाला आडवे केले.

ही गोष्ट उन्मत्तपणाविषयी आहे आणि ती खरीच आहे. पण मित्रांनो, आपण तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहू. त्या शागीर्दाला निदान ३५९ डाव तरी मिळाले. ज्यांना आखाड्याच्या दाराशी उभेही राहू दिले नाही, त्यांचे काय? मुलींच्या बाबतीत असेच होते. त्यांच्यापासून एक नव्हे, सगळेच्या सगळे डाव राखून ठेवलेले होते.

जगात बदल सुरू झाला होता. महिलांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा १९८७ साली नॉर्वे देशात झाली. आपल्या देशात मात्र मुलीने कुस्ती खेळायची, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. "मुलीच्या अंगाला माती कशाला?", "हिचे लग्न कसे होणार?", "लोक काय म्हणतील?" असे प्रश्न विचारले जात. पुष्कळ आखाड्यांत तर बायकांनी पाऊलही ठेवू नये असा दंडक होता.

मास्टरजींनी हा दंडक मोडला. तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे होते. त्यांच्या नावावर देशातले मोठमोठे किताब होते. गप्प बसले असते, तरी त्यांचा मान कमी झाला नसता. उलट, मुलींना कुस्ती शिकवायला निघाले म्हणून त्यांच्यावर टीका झाली. तरीही ते मागे हटले नाहीत. त्यांनी सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. सोनिका आणि दीपिका या आपल्या मुलींना त्यांनी आखाड्यात उतरवले. इतरांच्या मुलींना सांगण्याआधी आपल्या मुलींना पुढे करणे, हे धैर्याचे काम होते. जे बोल लागणार, ते आधी आपल्या घराला लागणार हे त्यांना माहीत होते. सोनिका पुढे नामवंत कुस्तीगीर झाली आणि तिने महिलांचा 'भारत केसरी' हा किताब मिळवला.

मास्टरजींच्या शिष्यांमध्ये हरियाणातील बलाली गावचे महावीरसिंह फोगाट हे एक होते. आपल्या वस्तादाने मुलींना कुस्ती शिकवलेली त्यांनी पाहिली. त्यांनीही आपल्या गावी गीता आणि बबिता या मुलींना मातीत उतरवले. सरावाला मुली मिळत नव्हत्या, म्हणून त्या मुलांशी लढल्या. गावात टीका झाली, पण वडील डगमगले नाहीत. फोगाट कुटुंबाची ही कथा २०१६ साली 'दंगल' या हिंदी चित्रपटातून घराघरांत पोहोचली. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. त्या वडिलांच्याही मागे एक मास्तर उभे होते, हे मात्र थोड्याच लोकांना ठाऊक असते.

२९ जून २०१० रोजी दिल्लीत मास्टर चंदगीराम यांचे हृदयविकाराने निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ७२ वर्षे होते. त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, त्याच दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. गीता फोगाट हिने ५५ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकले. राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ते पाहायला मास्टरजी नव्हते.

शिक्षकाच्या कामाचे असेच असते. शेतकरी आपण पेरलेले पीक त्याच वर्षी कापतो. शिक्षकाने पेरलेले पुष्कळदा दुसऱ्यांच्या अंगणात आणि फार उशिरा उगवते. गीताला मास्टरजींच्या शिष्याने शिकवले होते. म्हणजे ती त्यांच्या शिष्याची शिष्या.

त्यानंतर ही वाट रुंद होत गेली. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक हिने कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. महाराष्ट्रातही २०२३ साली सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. हे सारे एकट्या मास्टरजींमुळे झाले, असे म्हणता येणार नाही. अनेक मुलींच्या घामाने, अनेक आईबापांच्या हिमतीने आणि अनेक वस्तादांच्या मेहनतीने ते घडले. पण दार बंद असताना पहिल्यांदा हात लावणाऱ्यांमध्ये मास्टरजी होते, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. शाळेत जे देतात ती तालीम आणि आखाड्यात जे देतात तीही तालीम. दोन्हीकडे शिकवणारा आपल्याजवळचे दुसऱ्याला देतो. दोन्हीकडे पडावे लागते, उठावे लागते आणि तीच गोष्ट पुन्हा करावी लागते. म्हणून एकविसाव्या वर्षी शिकायला लागलेला माणूसही रुस्तम होऊ शकतो.

मुलांनो, तुम्हांला एखादी गोष्ट उशिरा सुरू करावी लागली, तर खचून जाऊ नका. मुलींनो, "हे तुझे काम नाही" असे कोणी म्हटले, तर ते काम खरोखरच जमण्यासारखे आहे की नाही हे करून पाहा आणि मगच ठरवा. आणि तुम्हां सर्वांना आणखी एक सांगायचे आहे. तुम्हांला जे चांगले येते, मग ते गणित असो, सुंदर हस्ताक्षर असो, पोहणे असो की मराठी वाचणे असो, ते आपल्याजवळ राखून ठेवू नका. शेजारच्या बाकावर, शेजारच्या घरात कोणाला तरी ते शिकायचे असते आणि विचारायचा धीर होत नसतो. त्याला किंवा तिला तुम्ही होऊन हाक मारा.

शब्दार्थ

मल्ल – कुस्ती खेळणारा, पैलवान
फड – कुस्त्यांचे मैदान, दंगल
किताब – मानाची पदवी (उर्दूतील 'ख़िताब')
लवचीक – सहज वाकणारे
प्रतिस्पर्धी – समोरून लढणारा
उन्मत्त – गर्वाने माजलेला
दंडक – ठरलेला कडक नियम
हेरणे – बारकाईने पाहून ओळखणे
लंगोट खुंटीला टांगणे – कुस्ती खेळणे सोडून देणे
आडवे करणे – पराभव करणे
डगमगणे – मन अस्थिर होणे, घाबरणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चंदगीराम यांचा जन्म कोठे झाला?
(आ) चंदगीराम यांच्या नावामागे 'मास्टर' हा शब्द का लागला?
(इ) बँकॉक येथे चंदगीराम यांनी कोणत्या वजनगटात सुवर्णपदक मिळवले?
(ई) महिलांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा कोणत्या देशात झाली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत कोणता फरक आहे?
(आ) शेख सादी यांच्या गोष्टीतील वस्तादाने शागीर्दाला कसे हरवले?
(इ) मास्टरजींनी मुलींना कुस्ती शिकवण्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. हे धैर्याचे काम का होते?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) एकविसावे वर्ष हे कुस्ती सुरू करण्यासाठी उशिराचे वय मानतात, कारण...
(आ) गीता आणि बबिता यांना मुलांशी लढून सराव करावा लागला, कारण...

प्र. ४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
तालीम, वस्ताद, मेहनत, डगमगणे

प्र. ५. 'शिक्षकाने पेरलेले पुष्कळदा दुसऱ्यांच्या अंगणात उगवते' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम
(१) उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे वीस शब्द शोधा. त्यांपैकी ज्यांचा अर्थ दोन भाषांत वेगळा आहे, त्यांखाली रेघ मारा.
(२) तुमच्या गावात किंवा जवळपास तालीम असल्यास तेथील वस्तादांना भेटा. त्यांनी कुस्ती कोणाकडून शिकली, ते विचारून दहा ओळी लिहा.